मदत हवी आहे: केली ठरली, बँड गायब (तातडीचं)

मनाली_के:
नमस्कार मंडळी. २८ नोव्हेंबरला शाळेच्या निधीसाठी केली ठेवली आहे. पालक समितीत मी फक्त "बघते" म्हटलं होतं, तेवढ्यावर सगळं माझ्या गळ्यात पडलं. बँडवाला तोंडी हो म्हणाला होता, आता फोनच उचलत नाही. तिकिटं विकून झाली आहेत. स्पीकरवर गाणी लावून भागेल का? कुणाकडे तयार यादी असेल तर द्या. वेळ कमी आहे, प्लीज मुद्द्याचं लिहा.

कोथरूडचा_नाना:
केली म्हणजे काय केली? वाक्य अर्धवट राहिलंय की केळी म्हणायचंय?

मनाली_के:
नाना, स्कॉटिश सामूहिक नाच. गेलिक शब्द आहे.

लीड्सवाली:
किती माणसं? हॉल केवढा? जमीन लाकडी आहे का? हे न सांगता यादी कशी देणार?
आम्ही लीड्सजवळच्या एका गावात दोनदा बार्न डान्स, म्हणजे इंग्लंडातला असाच सामूहिक नाच, केला. बँड नसला तरी निभतं, पण कॉलर हवाच. म्हणजे माइकवरून "आता उजवीकडे, आता जोडीदार बदला" असं सांगणारा. तो आधी संगीताशिवाय सगळ्यांना एकदा चालवून घेतो. आम्ही पहिल्या वर्षी कॉलरचे पैसे वाचवले आणि लोक रात्रभर एकमेकांच्या पायावर पाय देत होते.
दारू विकणार असाल तर कौन्सिलला टेम्पररी इव्हेंट नोटीस द्यावी लागते, कामाचे दहा दिवस आधी.

अभय०७:
सरळ डीजे लावा. अर्धा तास त्यांचं, मग आपली गाणी. आमच्या सोसायटीत गोरे लोकसुद्धा नाचले होते.

मनाली_के:
@अभय०७ तिकिटावर केली छापलं आहे.
@लीड्सवाली साधारण १२०. पर्थला आहे.

दर्यावर्दी:
अरे वा, पर्थ! मी फ्रीमँटलला असतो. नोव्हेंबरअखेर म्हणजे उकाडा सुरू, हॉलला एसी आहे ना ते आधी बघा. खरं तर बाहेर मैदानातच करा, बार्बेक्यू पण होईल.

मनाली_के:
दादा, स्कॉटलंडमधलं पर्थ. टे नदीकाठचं. तुमच्या पर्थला १८२९ साली आमच्यावरूनच नाव दिलंय.

ग्लासगोकर_काका:
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, मनाली. लीड्सवाली, तुमची नोटीस इंग्लंड-वेल्सची. स्कॉटलंडात त्या भागाच्या लायसन्सिंग बोर्डाकडून ऑकेजनल लायसन्स लागतं. आजच फोन करा, तीन आठवडे हातात धरून हे होईलच असं नाही.
आणि बँडचं म्हणाल तर ३० नोव्हेंबर म्हणजे सेंट अँड्र्यूज डे, स्कॉटलंडचा राष्ट्रीय दिवस. त्याला लागून आलेल्या शनिवारी चांगला अ‍ॅकॉर्डियनवाला मोकळा बसलेला नसतो. तुमचा बँडवाला दुसरीकडे जास्त पैशांवर गेला असणार.

लीड्सवाली:
मला पर्थ माहीत नव्हतं, चूक मान्य. जमीन लाकडी आहे का हे अजून कळलेलं नाही.

ढोलकी:
मी एडिनबरात विद्यार्थी असताना एका केली बँडमध्ये ड्रम वाजवायचो, म्हणून स्पष्ट सांगतो. रेकॉर्डिंग लावू नका. एट्सम रील घ्या, म्हणजे चार-चार जोड्यांच्या गटाचा (सेटचा) नाच: आधी ४० बार (संगीतातली आवर्तनं), मग ४८ चे आठ फेरे, शेवटी ४०, एकूण ४६४ बार. एक सेट चुकला की तो तसाच मागे पडतो आणि रेकॉर्डिंग पुढे निघून जातं. आम्ही समोर बघून वाजवायचो. लोक दमले तर एक फेरी कमी, रंगात आले तर एक जास्त. फिडल, अ‍ॅकॉर्डियन, ड्रम एवढी तिघं पुरतात.

ग्लासगोकर_काका:
ढोलकीराव, नवख्या पालकांना एट्सम रील कशाला? आणि रेकॉर्डिंग अगदीच टाकाऊ नाही. केलीच्या अल्बमवर ८ गुणिले ३२, म्हणजे ३२ बारचे आठ फेरे, असं लिहिलेलं असतं, त्यावरून किती फेरे ते कळतं. मी स्वतः दोनदा लॅपटॉपवर केली निभावली आहे.
सुरुवात गे गॉर्डन्सने. जोडीजोडीने रिंगण, चार पावलं पुढे, वळून चार मागे, कुणालाही जमतं. मग डॅशिंग व्हाइट सार्जंट. यात तीनसमोर तीन असतात, त्यामुळे बायका जास्त आणि नवरे बारला टेकलेले असले तरी अडत नाही. सहाजणांचं रिंगण डावीकडे, उजवीकडे, मधल्याने दोन्ही बाजूंशी नाचायचं, तिघांचा आठाचा आकडा, मग पुढे जाऊन पाय आपटायचे, मागे येऊन टाळ्या, आणि समोरच्यांना ओलांडून पुढच्या तिघांसमोर. अर्ध्या तासात अनोळखी माणसं एकमेकांना चुका सांगायला लागतात, तिथे केली जमली समजा. त्यानंतर सेंट बर्नार्ड्स वॉल्ट्झ, म्हणजे धाप खाली बसते. मग साधा स्ट्रिप द विलो. त्याचाच ऑर्केडियन प्रकार अगदी शेवटी. त्यात सगळा हॉल एका लांब रांगेत असतो, उजवा हात जोडीदाराला, डावा रांगेतल्याला, आणि भोवऱ्यासारखं खालपर्यंत जायचं. हात कोपरात अडकवायला सांगा, मनगट धरून ओढायचं नाही. आमच्याकडे एका धिप्पाड गृहस्थाने सोडलेला हात खुर्च्यांच्या रांगेत जाऊन थांबला होता, हाताच्या मालकिणीसकट.
बार शेजारच्या खोलीत ठेवू नका, निम्मे लोक तिकडेच राहतात. पाण्याचे जग मात्र चारी कोपऱ्यांत हवेत.

ढोलकी:
काका, एकदा आवाज वाढला म्हणून हॉलच्या लिमिटरने वीज तोडली होती. स्ट्रिप द विलो मध्यावर. फिडल आणि अ‍ॅकॉर्डियन विजेशिवाय वाजत राहिले, लोक टाळ्यांचा ठेका धरून नाचत राहिले. तुमच्या लॅपटॉपने काय केलं असतं?

ग्लासगोकर_काका:
लॅपटॉपला बॅटरी असते.

ढोलकी:
आणि स्पीकरला?

शेपूची_भाजी:
खायला काय ठेवणार? १२० माणसांसाठी वडापाव पटकन होतो. बटाटे १२ किलो लागतील. मागच्या गणपतीत आम्ही केलं होतं.

लीड्सवाली:
तेलकट हातांनी जोडीदाराचा हात धरायचा? मध्यंतराला स्टोव्हीज असतात तिकडे, बटाटा-कांदा-मांस एकत्र शिजवलेलं. शाकाहारी वेगळं पातेलं ठेवा.

कोथरूडचा_नाना:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा मंगळागौरीचे खेळ ठेवा की. फुगडीला ना बँड लागतो ना लायसन्स.

इन्व्हरनेसची_सून:
अवांतर नको नाना. मनाली, तुझी मुलं कितवीत? इथे डिसेंबरच्या सुमारास पीटीच्या तासाला हे सगळे नाच शिकवतात. पीटीच्या शिक्षकांना कॉलर व्हायला सांग, त्यांना मुलांवर ओरडायची सवय असतेच. वरच्या वर्गात फिडल, अ‍ॅकॉर्डियन वाजवणारी मुलंही सापडतील, चौघांना चार नाच बसवायला तीन आठवडे पुरतात. उरलेल्याला काकांचा लॅपटॉप.

मनाली_के:
मुलगी प्रायमरी सेव्हनमध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात आहे. आत्ता तिला विचारलं तर म्हणाली, "आई, हे मला गेल्या वर्षीच येतं, तू कधी विचारलंच नाहीस." सोफा भिंतीला लावून मला आणि बाबाला डॅशिंग व्हाइट सार्जंट शिकवून झालं. तिसऱ्या माणसाच्या जागी इस्त्रीचं टेबल होतं. पीटीच्या बाई हो म्हणाल्या आहेत. बोर्डाचं बघितलं आणि समितीला कळवलं, लोकांनी आपापली बाटली आणायची, विक्री नाही. हॉलवाल्यांनाही चालतंय.

लीड्सवाली:
छान! आता तिसऱ्यांदा विचारते, जमीन?

मनाली_के:
संध्याकाळी हॉलवर जाऊन बघून आले. गालिचा आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

इन्व्हरनेसची_सून:
शाळेचा जिम हॉल त्या रात्री रिकामा आहे का ते विचार. आत्ताच.