जांभ्याच्या भिंतीवर म्युरल : खालच्या दोन फुटांचं काय करावं?

मदत हवी आहे. मालवणजवळ, समुद्राला लागूनच शाळेच्या कंपाउंडची भिंत आहे : ३० फूट बाय ८ फूट, जांभ्या चिऱ्यांची, वर सिमेंटचा जुना गिलावा. सहा विद्यार्थ्यांची टीम, काम दिवाळीनंतर.

वरच्या भागाची चिंता नाही. तारेच्या ब्रशने शेवाळ काढून, धुऊन, पूर्ण वाळवून एक्स्टीरियर प्रायमरचा हात. मग फूटभराचे चौकोन आखून चित्र उतरवायचं. मोठ्या भागांचा रंग एकाच बादलीत कालवायचा, नाहीतर प्रत्येकाचा निळा वेगळा दिसतो. लाल-पिवळ्यासाठी गेरूच्या जातीचे ऑक्साइड रंग घेतोय, ते उन्हात टिकतात.

अडचण खाली आहे. जमिनीतली ओल चिऱ्यातून वर चढते, सोबत मीठ आणते, आणि ॲक्रिलिक रंगाच्या थरामागे लोणा (मिठाचा पांढरा थर) फुलून रंगाचे पापुद्रे सुटतात. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून २४ तास ठेवला, तर दोन फुटांपर्यंत आतून घाम धरतो. चार फुटांवर कोरडा राहतो.

तिथला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करावा आणि त्यावर चुन्यात कालवलेले मातीचे रंग द्यावेत, की चिरा उघडाच ठेवून चित्र वरून सुरू करावं? चुना-वाळू १ ला ३ पुरेल का? खाऱ्या वाऱ्यात असा गिलावा किती पावसाळे तगतो? शिवाय भिंतीचा माथा उघडा आहे, तिथूनही पाणी मुरतं. त्यावर उताराचा कोबा करावा की पत्र्याची पट्टी? जांभ्यावर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावं.