मदत हवी आहे: १९१५ची तोफगोळा टंचाई आणि लॉर्ड नॉर्थक्लिफ

‘टाइम्स’ आणि ‘डेली मेल’चे मालक लॉर्ड नॉर्थक्लिफ यांनी पहिल्या महायुद्धात पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांचं ब्रिटिश सरकार पाडलं, असं सर्रास लिहिलं जातं. तारखा जुळवून पाहिल्या. १४ मे १९१५ला ‘टाइम्स’मध्ये तोफगोळ्यांच्या टंचाईची बातमी, १५ला नौदलप्रमुख फिशर यांचा राजीनामा, १७ला संयुक्त सरकारचा निर्णय. ‘मेल’चा युद्धमंत्री किचनरवरचा हल्ला मात्र २१चा! म्हणजे ‘मेल’चं श्रेय बादच, प्रश्न उरतो १४च्या बातमीचा. संसदेतल्या चर्चांच्या छापील नोंदी चाळल्या. पडद्यामागच्या वाटाघाटी तिथे नाहीत. लंडनला जाणं किंवा सशुल्क संग्रह शक्य नाही. अ‍ॅस्क्विथ आणि विरोधी पक्षनेते बोनर लॉ यांच्यावर बातमीचा दबाव किती आणि फिशर यांचा किती, हे वेगळं दाखवणारी त्याच आठवड्यातली पत्रं किंवा रोजनिशी मोफत कुठे वाचता येईल?