पान बिघडलं, पण दुखणं कुठे होतं? घरातल्या झाडांचे अनुभव

घरातल्या झाडाचं पान पिवळं पडलं की हात आधी पाण्याकडे जातो. माझाही जायचा. त्या सवयीपायी गेलेल्या झाडापासून सुरुवात करते, मग तुम्ही सांगा. एक विनंती आहे: बिघडलेलं पान जुनं होतं की कोवळं, आणि माती कशी होती, हे जरूर लिहा. अर्धं निदान तिथेच होतं.

माझी पीस लिली मलूल होऊन कुंडीवर लोळायला लागली. तहानलेली लिली अशीच मान टाकते आणि पाणी मिळालं की काही तासांत उठते, म्हणून पाणी दिलं. उठली नाही. पुन्हा दिलं. चौथ्या दिवशी कुंडी उचलली तर जड लागली. झाड उपसलं तेव्हा कुबट वास आला. मुळं तपकिरी झाली होती. चिमटीत धरलं की साल निसटायची आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरायचा. पाण्याने गच्च मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत. ओल्या मातीतलं झाड तहानेनेच गेलं. आता मी बोट दोन पेरं मातीत खुपसल्याशिवाय पाणी घालत नाही.

———

ताई, माझ्या मनीप्लांटची खालची पानं पिवळी पडत होती, पण माती ठीक होती. दोन वर्षं त्याच मातीत होता, खत कधी दिलंच नव्हतं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पालवीला देतं. पातळ करून खत दिलं. पिवळी पानं गेलीच, पण त्यानंतरची हिरवी आली.

———

माझ्याकडे याच्या उलट! जास्वंदीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार. ही लोहाची कमतरता. लोह जुन्या पानांतून हलत नाही, म्हणून ती आधी शेंड्याला दिसते. मातीत लोह असेलही, पण जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते घेता येत नाही. माती बदलली, पावसाचं पाणी साठवून घातलं, तेव्हा फरक पडला.

———

अरेका पामवरचे बारीक फिकट ठिपके मी महिनाभर धूळ समजून पुसत होतो. शेवटी पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकलं. कागदावर मिरपुडीइतके कण पडले आणि ते चालायला लागले. लाल कोळी! तो पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो, आणि हवा उष्ण-कोरडी असली की आठवड्याभरात नवी पिढी तयार होते. म्हणून एका फवारणीने भागत नाही, अंडी मागे राहतात. झाड वेगळं ठेवलं, पानं खालून धुतली, आणि दर पाच दिवसांनी साबणाच्या सौम्य पाण्याची फवारणी केली. चार फवारण्या लागल्या. जाळी दिसेपर्यंत थांबू नका, कळकळीने सांगतो.

———

सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब दिसला तर घाबरू नका, तो रोग नाही. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी असं बाहेर येतं.

———

माझ्या फिकसने जागा बदलल्यावर आठवड्यात निम्मी पानं टाकली. बुरशी नाही, कीड नाही, मुळं पांढरी. उजेड बदलला की तो असंच करतो. पुन्हा हलवला नाही, खत दिलं नाही, पाणी कमी केलं. दीड महिन्याने उघड्या फांदीवर टोकदार कोंब आले.