मदत हवी आहे: ऑन्स्लोच्या क्विंटेटसाठी पाचवा वादक

विभास
तातडीचं आहे. रविवारी घरी छोटी मैफल आहे, फ्रेंच संगीतकार ऑन्स्लोचा क्विंटेट (पाच तंतुवाद्यांची रचना) वाजवायचं ठरलंय, लोकांना बोलावून झालंय. आज पाचव्याचा निरोप आला, मनगट दुखावलंय. आता काय करू? 'पुढे ढकला' सोडून काहीही सुचवा.

मृदगंध
पाचवा म्हणजे कुठलं वाद्य? आणि ऑन्स्लोचे 34 क्विंटेट आहेत, त्यातला कुठला?

जुना_रसिक
मी तर म्हणेन शूबर्टचा सी मेजर क्विंटेट घ्या. ऑन्स्लो कोणाला ठाऊक आहे?

मृदगंध
रसिककाका, त्यालाही पाच वादक लागतात, त्यात दोन चेलो. माणूस कमी पडलाय, रचना नाही. आणि ठाऊक नाही म्हणूनच वाजवायला हवा ना! 1842 मध्ये पॅरिसच्या कला अकादमीत नामवंत संगीतकार केरुबिनीच्या जागी याच माणसाला घेतलं होतं.

विभास
सॉरी, घाईत राहिलं. 15 वा, ओपस 38, 'बुलेट'वाला. दुसरा चेलो गेलाय.

कोमल_रे
त्या चेलोचा भाग आणखी एका व्हायोलाला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य) द्या. आम्ही एकदा असंच केलं होतं, छान झालं.

खर्ज
कोमलताई, व्हायोलाची सगळ्यात खालची तार चेलोच्या खालच्या तारेपेक्षा एक सप्तक वर. या रचनेत पहिला चेलो वर गायला मोकळा असतो, कारण खाली दुसरा पाया धरून बसलेला असतो. तो पायाच काढला तर राहिलं काय?
विभास, डबल बास (चेलोहून मोठं, आणखी खर्जातलं वाद्य) शोधा. लंडनमध्ये ऑन्स्लोवर हीच वेळ आली होती. दुसरा चेलोवाला आलाच नाही, तेव्हा प्रसिद्ध बासवादक द्रागोनेत्तीने तो भाग बासवर वाजवावा असं कोणीतरी सुचवलं. ऑन्स्लो आधी नको म्हणाला, ऐकल्यावर इतका खूश झाला की पुढे क्विंटेटमध्ये बासचा पर्यायही देऊ लागला. तुमच्या ओपस 38 मध्येही आहे.

कोमल_रे
आमचं ऐकणाऱ्यांना आवडलं होतं, एवढंच म्हणते.

सह्याद्रीप्रेमी
'बुलेट' का म्हणतात?

मृदगंध
1829 मध्ये शिकारीत त्याला चुकून गोळी लागली, एका कानाचं ऐकणं गेलं. मिन्युएट या नाचाच्या चालीच्या भागावर 'वेदना' लिहिलंय, त्याच्या मधल्या तुकड्यावर, ट्रिओवर, 'ताप आणि भ्रम', मग संथ भागावर 'बरं वाटू लागणं', शेवटी 'बरा झालो'. संथ भाग मी आजारपणात रोज ऐकायचे.

जुना_रसिक
त्याने ऑपेराही लिहिलेत हं.

विभास
खर्ज, खूप आभार! ऑर्केस्ट्रातली एक बासवाली हो म्हणाली. पण बासचे सूर लिहिल्यापेक्षा सप्तकभर खाली वाजतात ना? चेलोचाच कागद दिला तर चालेल?

खर्ज
नको. बासचा वेगळा भाग छापलेला आहे, तोच द्या आणि आजच पाठवा. पहिल्या चेलोला तिच्या शेजारी बसवा.