ऑफिसात कागदही आणि कॉम्प्युटरही: मूळ प्रत कुठली धरायची?

दप्तरी
मंत्रालयाला २१ जून २०१२ ला आग लागली. माणसं दगावली, वरचे मजले जळाले, नस्त्यांची, म्हणजे सरकारी फायलींची, राख झाली. त्यानंतर ई-ऑफिसची, म्हणजे नस्ती कॉम्प्युटरवरच चालवायच्या पद्धतीची, निकड सगळ्यांना पटली. पण आज कित्येक कार्यालयांत काम कसं चालतं ते आत बसणाऱ्यांना ठाऊक आहे. टपाल येतं, बारनिशीत (आवक नोंदवहीत) चढतं, मग स्कॅन होतं. टिपणी कॉम्प्युटरवर लिहायची, साहेबांना वाचायला तिची प्रिंट काढायची, साहेबांनी तीवर हाताने शेरा मारायचा आणि तो शेरा परत स्कॅन करून चढवायचा. एकाच प्रकरणाच्या दोन नस्त्या होतात आणि हळूहळू दोन्हींत फरक पडतो. अपील आलं की कोणती खरी यावरून वाद.

कागद हटवा असं मी म्हणत नाही. कुठल्या टप्प्यावर मूळ कोणतं, एवढं आधी ठरवा. चेक आपण पेनानेच लिहितो. पण २००२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आता चेक जमा करून घेणारी बँक तो स्कॅन करते. पुढे जातं ते फक्त त्याचं चित्र आणि खालच्या चुंबकीय शाईच्या पट्टीतली माहिती. कागद त्याच बँकेत थांबतो, १० वर्षं जपला जातो. सातबाऱ्याचं याच्या उलट. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळतो. तिथे मूळ सर्व्हरवर असतं आणि हातातल्या कागदावरचा पडताळणी क्रमांक टाकून खरं-खोटं तपासता येतं. नस्तीला असा नियम का नाही?

नवी_वाट
सहमत नाही. चेक आणि सातबारा म्हणजे ठरलेले रकाने. नस्तीत दहा जणांचं म्हणणं असतं. आणि चेकचा दाखला तुमच्याच विरोधात जातो, लोक चेक सोडून यूपीआयकडे गेले ते मधला कागद नकोच म्हणून. टिपणी कॉम्प्युटरवरच जन्माला यावी, सही डिजिटल असावी, शेरा टाईप केलेला. इलेक्ट्रॉनिक नोंदीला माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच मान्यता दिली आहे. एका साहेबांना पडद्यावर वाचायची सवय नाही म्हणून सगळ्या खात्याने दुप्पट काम का करायचं? स्कॅन केलेलं पान हे नुसतं चित्र, त्यात गट नंबर शोधता येत नाही. आपली नस्ती कुणाच्या टेबलावर अडलीय हे तालुक्याला खेटे घालणाऱ्या माणसाला मोबाईलवर दिसलं पाहिजे. मध्ये कागद आला की ते दिसणं बंद होतं. याची मला मनापासून चीड आहे.

रुमाल
नवी_वाट, तळमळ पटते. पण कॉम्प्युटरवर जन्मलेल्या फायलींचं काय झालं ते आम्ही अभिलेख कक्षात रोज बघतो. युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरं) रुळण्याआधी ऑफिसांत मराठी टायपिंग सुरेखसारख्या फॉन्टमध्ये व्हायचं. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. काही फ्लॉपीवर आहे, ती घालायला ड्राईव्ह नाही. उलट पुण्याच्या पेशवे दफ्तरातला अठराव्या शतकातला कागद मोडी येणारा माणूस आजही वाचतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडीच्या जाणकारांना बसवून जुनी पानं वाचून घ्यावी लागली आणि मग त्यांचे स्कॅन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. कागद टिकला होता म्हणून हे जमलं.

दप्तरी, तुम्हालाही एक सांगते. स्कॅनिंगचे पैसे पानामागे मिळत असले की पानं भराभर सरकतात. मागची बाजू राहते, समासातला शेरा कापला जातो, फाईलला नाव म्हणून नुसता आकडा पडतो. आधी सहा गठ्ठे लावा (कामाच्या स्थितीप्रमाणे कागद वेगळे करा), किती काळ जपायचं त्यावरून अ-ब-क-ड वर्गवारी करा, मग यंत्राला हात लावा. नाहीतर वर्षभरात नष्ट करायचे ड वर्गातले कागद स्कॅन होतात आणि कायम जपायचा अ वर्ग तसाच पडून राहतो.

लाल_पेन्सिल
ऑडिटवाल्याचं मत. व्हाउचर, बिल आणि कॅशबुक शेजारी-शेजारी पसरून टिका मारत जाण्याइतकं सोपं काम पडद्यावर होत नाही. केंब्रिजच्या झेरॉक्स प्रयोगशाळेत पिएर वेल्नर यांनी १९९१ च्या सुमारास टेबलावर कॅमेरा आणि प्रोजेक्टर टांगून बघितला होता. कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं की तो टेबलावरच उमटलेल्या कॅल्क्युलेटरमध्ये जायचा. माणसाचा हात कागदावर राहू द्या आणि यंत्राला तिथे आणा, ही दिशा मला आजही बरोबर वाटते.

कोर्टकचेरी
नवी_वाट, मान्यता वेगळी आणि पुरावा वेगळा. जालन्याच्या निवडणूक याचिकेत, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत आला का, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंद खरी असल्याचं, प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून त्या जागी नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं, त्यात हॅश मूल्यही (फाईल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहून द्यावं लागतं. मृत्युपत्र तर अजून इलेक्ट्रॉनिक कायद्याच्या कक्षेतच नाही. बदली होऊन गेलेल्या कारकुनाच्या लॉगिनचं प्रमाणपत्र गरीब पक्षकाराने कुणाकडे मागायचं? शिक्क्याची नक्कल त्याला खिडकीवर मिळते. ज्या नस्तीत कुणाचा हक्क ठरतो, तिचं मूळ कागदावरच राहू द्या.

नवी_वाट
जळालेल्या किंवा वाळवीने खाल्लेल्या नस्तीची नक्कल खिडकीवर कोण देणार? प्रमाणपत्र मिळत नसेल तर ते देण्याची जबाबदारी पदावर टाका, व्यक्तीवर नको. फॉन्टचा प्रश्न युनिकोडने सुटलेला आहे. जुन्या फायली बदलून घेणं हे रखडलेलं काम आहे, त्यासाठी कागदाला चिकटून राहायचं कारण नाही.

दप्तरी
कोर्टकचेरी, हक्काच्या नस्त्या कागदावर ठेवायला माझी हरकत नाही. फक्त मुखपृष्ठावर 'मूळ: कागद' असं लिहा, आणि ई-ऑफिसमधल्या नोंदीवरही तेच दिसू द्या. बाकीच्यांवर 'मूळ: ई-नस्ती', आणि त्यांच्या प्रिंटवर शेरा मारायला बंदी. नवी_वाट, ही बंदी तुमच्या साहेबांकडून पाळून घेता येईल का, एवढंच सांगा.