मदत हवी आहे: विक्रीत सात वर्षं झाली. टीम लीडर व्हावं, दुसऱ्या कंपनीत जावं की सेल्सच सोडावं?

नमस्कार,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. पुढच्या शुक्रवारपर्यंत मला दोन ठिकाणी उत्तर द्यायचं आहे, म्हणून आज बसलेच. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी पॅकिंग आणि लेबलिंगची मशिनं विकते. गिऱ्हाईक म्हणजे कारखाने. पहिल्या फोनपासून पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) हातात पडेपर्यंत चार ते सहा महिने सहज जातात, कारण मशीन चालवणारा ऑपरेटर वेगळा, ते पसंत करणारा प्रॉडक्शन मॅनेजर वेगळा, भाव पाडून मागणारा परचेसवाला वेगळा आणि शेवटी पैसे सोडणारा अकाउंट्सवाला वेगळा. चौघांतल्या एकालाही गृहीत धरलं की ऑर्डर तिथेच अडकते. हे कळायला मला पहिली दोन वर्षं लागली, आणि कळल्यावर हे काम मनापासून आवडायला लागलं. सातपैकी पाच वर्षं टार्गेट पूर्ण केलंय. गेल्या वर्षी ११२ टक्के झालं होतं. या वर्षी दुसऱ्या क्वार्टरला (तिमाहीला) मात्र ७८ वर अडकले.

सध्या समोर तीन रस्ते आहेत. माझे साहेब दुसऱ्या विभागात चाललेत आणि त्यांची जागा मला देऊ करतायत. सहा जणांची टीम मिळेल, पण माझी स्वतःची गिऱ्हाइकं त्या सहा जणांत वाटून द्यावी लागतील. दुसरीकडे, आमच्याच क्षेत्रातल्या एका कंपनीची ऑफर आली आहे. आजचं माझं पूर्ण उत्पन्न १०० धरलं तर त्यात पक्का पगार ७० आणि इन्सेंटिव्ह ३० आहे. नवीन ठिकाणी एकूण १३० म्हणतात, पण पक्के ६५ आणि बदलते ६५. टार्गेटच्या ८० टक्क्यांखाली राहिलं तर त्या क्वार्टरचं इन्सेंटिव्ह शून्य. तिसरा रस्ता आमच्याच कंपनीत ॲप्लिकेशन सपोर्टचा: मशीन बसलं की ते गिऱ्हाइकाच्या लाइनवर नीट चालवून द्यायचं, ऑपरेटरना शिकवायचं. टार्गेट नाही, इन्सेंटिव्ह नाही. घरी आणि ऑफिसात सगळे म्हणतात की सात वर्षांनी असं करणं म्हणजे उलटं जाणं.

सहा महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मी डोळे मिटून पहिला पर्याय घेतला असता. मध्ये जे घडलं ते सांगते.

मागच्या क्वार्टरच्या आधीच्या क्वार्टरचा शेवटचा आठवडा. टीमचा आकडा थोडक्यात राहत होता. माझ्याकडे एक ऑर्डर जवळजवळ पक्की होती, पण त्या कारखान्याची नवीन लाइन तयार व्हायला अजून दोन महिने होते. साहेब म्हणाले, "नुसती पीओ आण, मशीन आत्ता पाठवून देऊ, पैसे त्यांनी सावकाश दिले तरी चालतील." मी फोन केला. तिथल्या प्रॉडक्शन मॅनेजरना पाच वर्षं ओळखते. त्यांना मी सांगितलं की पुढे डिलिव्हरीला वेळ लागू शकतो, आत्ता घेतलेलं बरं. ते खरं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगताय म्हणून देतो." टीमचं टार्गेट झालं, मलाही इन्सेंटिव्ह मिळालं.

अडीच महिन्यांनी मशीन चालू करून द्यायला सर्व्हिस इंजिनिअरबरोबर मी गेले. खोकं गोडाऊनच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं. ताडपत्री काढली तर खोक्यावर आमचंच पाठवणीचं लेबल, क्वार्टरच्या शेवटच्या दिवसाची तारीख. एक सेन्सर चालेना. इंजिनिअरने वॉरंटीचा कागद उघडला तेव्हा लक्षात आलं की आमची १२ महिन्यांची वॉरंटी पाठवणीच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे मशीन एक दिवसही न चालता अडीच महिने गेले होते. सेन्सर बदलून मिळाला, तो प्रश्न नव्हता. ते मॅनेजर रागावलेही नाहीत. गेटपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी खरं कारण सांगा. मी तरीही बघितलं असतं."

त्या दिवसापासून फोन उचलताना हात जड होतो. मागच्या क्वार्टरला ७८ झाले त्याचं एक कारण हेही आहे. त्या गिऱ्हाइकाकडून पुढच्या क्वार्टरला येणारी ऑर्डर आधीच वापरून झाली होती, आणि आणखी दोघांच्या ऑर्डरी अशाच अलीकडे ओढायला सांगितलं तेव्हा मी ओढल्या नाहीत.

रोजच्या अडचणीही आहेतच. महिन्याच्या एक तारखेला आकडा पुन्हा शून्यावर येतो, याची सात वर्षांनीही सवय झालेली नाही. सीआरएममधल्या (गिऱ्हाइकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) नोंदी रात्री जेवणानंतर भरते. पण सगळ्यात जास्त थकवतं ते "कळवतो". डेमो झाला, कोटेशन गेलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सहा आठवडे "कळवतो". आठवड्याला एक फोन केला तर मागे लागल्यासारखं वाटतं, नाही केला तर फोरकास्टच्या मीटिंगमध्ये सांगायला काही नसतं. आणि असं लटकलं की मी घाबरून स्वतःच डिस्काउंट बोलून टाकते. समोरच्याने मागितलेलंही नसतं. हे चुकतंय हे कळतं, पण त्या क्षणी थांबता येत नाही.

तर विचारायचं असं आहे. चांगली विकणारी बाई टीम चांगली सांभाळेलच का? ऑफरचे आकडे कसे वाचावेत? टीम लीडर झाले तर क्वार्टर संपताना मला जे सांगितलं गेलं तेच मी सहा जणांना सांगायचं का, की तिथे बसून ते थांबवता येतं? आणि सपोर्टला गेले तर परत सेल्समध्ये येता येतं का? ज्यांनी यातलं काही स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी आधी विक्रीत होतो, नंतर बरीच वर्षं इन्सेंटिव्हच्या स्कीम बनवायचं काम केलं. म्हणून आधी आकड्यांचं सांगतो.

१३० हा आकडा तुम्ही चारही क्वार्टर १०० टक्के केलेत तरच खरा. तुम्हीच लिहिलंय की विक्रीला चार ते सहा महिने लागतात. नवीन ठिकाणी तुमच्या फनेलमध्ये (बोलणी चालू असलेल्या ऑर्डरींच्या यादीत) पहिल्या दिवशी काहीच नसणार. पहिले दोन क्वार्टर ८० टक्क्यांखाली जाणं अगदी साहजिक आहे. मग वर्षाचा हिशोब असा: पक्के ६५, आणि उरलेल्या दोन क्वार्टरना पूर्ण टार्गेट केलंत तर इन्सेंटिव्हचे साडेबत्तीस. एकूण साडेसत्त्याण्णव. म्हणजे सगळं नीट जाऊनही पहिल्या वर्षी आजच्या १०० पेक्षा कमी. म्हणून होकार देण्याआधी पहिल्या दोन क्वार्टरच्या इन्सेंटिव्हची लेखी हमी मागा. ती हमी परत न करण्याची आहे की पुढच्या कमाईतून कापून घेणार, हेही विचारा. दुसऱ्या प्रकारची हमी म्हणजे तुमच्याच पैशांची उचल. शिवाय इन्सेंटिव्ह बिलावर मिळतं की वसुलीवर, ऑर्डर रद्द झाली तर दिलेलं परत घेतात का, आणि त्या टेरिटरीत (तुम्हाला मिळणाऱ्या विक्रीच्या भागात) मागच्या वर्षी किती जणांनी टार्गेट गाठलं. शेवटच्या प्रश्नाला ते टाळाटाळ करू लागले तर तेच उत्तर समजा.

ऑर्डर अलीकडे ओढण्याबद्दल. ही तुमच्या एकट्या ऑफिसची गोष्ट नाही. पॉल ओयर या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्पादन कंपन्यांची विक्री आर्थिक वर्षाच्या शेवटी वाढलेली आणि नवीन वर्षाच्या सुरुवातीला घटलेली दिसली होती. ठरावीक तारखेला ठरावीक आकडा गाठला तरच पैसे, अशी स्कीम असली की माणसं ऑर्डरच्या तारखा हलवतात. आकडा गाठत आला असेल तर पुढची ऑर्डर अलीकडे ओढतात, आणि गाठणं शक्यच नसेल तर हातातली ऑर्डर पुढच्या महिन्यासाठी दाबून ठेवतात. मी स्वतः बनवलेल्या एका स्कीममध्ये हे दोन्ही झालेलं पाहिलंय. टेबलावर आकडे बघताना मला ते आधी दिसलं नव्हतं, याची आजही टोचणी आहे.

बढतीचं म्हणाल तर तुमची शंका रास्त आहे. अ‍ॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी २०१९ मध्ये १३१ कंपन्यांतल्या विक्रेत्यांच्या नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची स्वतःची विक्री जास्त त्यांना मॅनेजर करण्याकडे कंपन्यांचा कल होता, पण तीच माणसं मॅनेजर झाल्यावर हाताखालच्यांची कामगिरी उलट खाली गेलेली दिसली. ज्यांनी आधी इतरांबरोबर मिळून सौदे केले होते ते मॅनेजर म्हणून जास्त चांगले निघाले. तेव्हा स्वतःचे ११२ टक्के बाजूला ठेवा आणि हे आठवा: गेल्या दोन वर्षांत दुसऱ्याच्या किती ऑर्डरींसाठी तुम्ही धावलात, आणि त्यात तुम्हाला बरं वाटलं की आपला वेळ गेला असं वाटलं?

प्रतिसाद २

फक्त "कळवतो"बद्दल लिहिते, कारण बाकीच्यात माझा अनुभव नाही. मीटिंग संपवून उठायच्या आधीच पुढची तारीख ठरवायची. "पुढच्या बुधवारी अकरा वाजता फोन करते, तोवर तुमचं अकाउंट्सशी बोलणं होईल ना?" असं विचारायचं. तारीख त्यांनी दिलेली असली की फोन करताना मागे लागल्यासारखं वाटत नाही. आणि तीन वेळा तारीख हुकली तर सरळ विचारायचं: "सध्या हा विषय थांबलाय का? तसं असेल तर मी फाइल बंद करते, तुम्हाला लागेल तेव्हा पुन्हा उघडू." निम्म्या वेळा खरं कारण याच प्रश्नाने बाहेर येतं. डिस्काउंटचं म्हणाल तर कोटेशन दिल्यावर गप्प बसायची सवय लावून घ्या. मी पहिले काही महिने टेबलाखाली बोटांवर दहापर्यंत मोजायचे. समोरचाच आधी बोलतो. आणि कमी करावंच लागलं तर बदल्यात काहीतरी मागायचं: आगाऊ रक्कम, लवकर पेमेंट, दोन मशिनांची ऑर्डर.

प्रतिसाद ३

मी सपोर्टला गेलो होतो आणि तीन वर्षांनी सेल्समध्ये परत आलो. येता येतं. लाइनवर उभं राहून मशीन चालवलेला माणूस ऑपरेटरशी जे बोलू शकतो ते नुसतं कॅटलॉग वाचून जमत नाही. पण इन्सेंटिव्हशिवाय घरखर्च बसतो का हे आधी सहा महिने जगून बघा. दर महिन्याला इन्सेंटिव्हची रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि तिला हात लावू नका. मला चौथ्या महिन्यातच हात लावावा लागला होता, आणि तरीही मी गेलो. पुढचं वर्ष फार ओढाताणीत गेलं.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. साडेसत्त्याण्णवचा हिशोब मी तीनदा करून पाहिला, बरोबर आहे. दुसऱ्या कंपनीला दोन क्वार्टरच्या हमीबद्दल आणि टेरिटरीच्या मागच्या आकड्यांबद्दल मेल केला. "आधी जॉईन व्हा, मग बघू" असं उत्तर आलं. त्यांना नकार कळवला.

दुसऱ्याच्या ऑर्डरींसाठी किती धावले, या प्रश्नावर रात्री बराच वेळ विचार केला. टीममधल्या नवीन मुलाबरोबर मी चार डेमोंना गेले होते. त्यातली एक ऑर्डर त्याला मिळाली तेव्हा त्याने आधी मला फोन केला होता, घरी नंतर. तो फोन मला माझ्या ११२ टक्क्यांपेक्षा जास्त स्पष्ट आठवतो.

काल त्या प्रॉडक्शन मॅनेजरना फोन करून खरं कारण सांगितलं. आमच्या सर्व्हिस हेडशी भांडून त्यांची वॉरंटी मशीन चालू केल्याच्या तारखेपासून करून घेतली आहे, तसा मेल आज सकाळी त्यांना गेला. त्यांनी "मिळाला, धन्यवाद" एवढंच लिहिलंय.

गुरुवारी साहेब आणि त्यांच्या वरचे, दोघांना भेटतेय. टीम घेईन, पण गिऱ्हाइकाकडे मशीन बसवायला जागा तयार नसेल तर ते पाठवायचं नाही हे लेखी हवं, आणि पहिले दोन क्वार्टर माझी तीन मोठी गिऱ्हाइकं माझ्याकडेच राहू द्या, असं मागणार आहे. यातलं पहिलं मिळालं नाही तर सपोर्टचा अर्ज भरून ठेवलाय.

आता एकच विचारते. ज्यांनी टीम घेताना आपली जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या हाती दिली, त्यांनी पहिली भेट दोघांनी मिळून केली, की नवीन माणसाला एकट्यालाच पाठवलं? माझ्याकडे अशी १९ गिऱ्हाइकं आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी मला कधी ना कधी "तुम्ही सांगताय म्हणून" असं म्हटलेलं आहे.