मदत हवी आहे : आई-बाबांना घेऊन व्हिटबीला जायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. साताऱ्याहून आई-बाबा आलेत, त्यांना एक दिवस यॉर्कशायरमधलं समुद्रकाठचं व्हिटबी गाव दाखवायचंय. बाबा इतिहासाचे शिक्षक होते. इ.स. ६५७ मध्ये संत हिल्डा यांनी स्थापलेला ख्रिस्ती मठ, दर्यावर्दी जेम्स कुक शिकाऊ म्हणून राहिला ते ग्रेप लेनवरचं घर (तिथे आता संग्रहालय आहे), हे सगळं त्यांना बघायचंय. कुकचं एन्डेव्हर जहाजही व्हिटबीलाच बांधलेलं, हे कळल्यापासून रोज विचारतात, "कधी निघायचं?"

अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. मठाच्या अवशेषांपर्यंत जायला गावातून १९९ दगडी पायऱ्या आहेत. मध्ये बाकं आहेत, पूर्वी शवपेटी नेणारे तिथे दम खायला थांबत. पण आईला दहा पायऱ्यांनंतरच धाप लागते. वर गाडी जाते ना? पार्किंगपासून किती चालावं लागतं? आई-बाबांसोबत कुणी गेलं असेल तर नक्की सांगा. आईला खाली बसवून वर जाणं मला जमणार नाही.

दुसरं, खाण्याचं. यॉर्कशायरमध्ये चिप्स बऱ्याच ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात. आईला ते अजिबात चालणार नाही, आणि बंदरावर बसून गरम चिप्स खायची तिला फार हौस आहे. वनस्पती तेलात तळणारं दुकान कुणाला माहीत आहे का?

येत्या शनिवारी निघतोय, त्याआधी कळवलंत तर फार बरं होईल.